क्विंटलाच्या वरचा नवरदेव

डोंगरकड्याच्या द्वारकाबाईला एकच पोरगं, वैजनाथ. पन तेवढं बास व्हतं, कारन दोन पोरांचं वजन त्यानं एकट्यानंच अंगावर घेतलं व्हतं. तो बैलगाडीच्या मागल्या अंगाला टेकला की पुढं बैलांचे पाय जमिनीवरून सुटायचे आन बैल घटकाभर हवेतच चालायचे. हे डोळ्यानं पाहिलेली मानसं गावात अजून हायेत, फकस्त त्यांची नावं इचारायची न्हाईत. आई बी पोराला साजेशीच जाड, बाप रामकिशन मातर वाळल्या तुराटीवानी. घरातलं तूप कुनीकडं जातं हे सांगायला जोतिषी लागत नव्हता.

पोरगं तसं गुनाचं. हळदीच्या कामात त्याचा हात धरनारं आसपास कोनी नव्हतं. बोलनं मऊ, रान पान्याखालचं, खोटं बोलायचं म्हनलं की कान लाल व्हायचे. हिंगोली नवा जिल्हा झाला त्याच्या पुढच्या साली, संक्रांत सरल्यावर, नरसी नामदेवच्या किशनरावानं आपल्या भाचीसाठी त्याला बोलावनं धाडलं. भाची म्हंजे मंजुषा. बाप वारलेला, मामानंच वाढवलेली, नर्सिंग शिकून हिंगोलीत एका दवाखान्यात कामाला लागलेली.

पाव्हन्यासाठी किशनरावानं शेजारून नवी कोरी प्लास्टिकची खुर्ची आनली व्हती. वैजनाथ बसला तशी खुर्चीनं चारी पाय फाकवले, व्यायला झालेली शेळी फाकवते तसे. सगळ्यांनी पाहून न पाहिल्यासारखं केलं. द्वारकाबाईनं पोरीला नाव इचारलं, शिक्षन इचारलं, पुरन वाटता येतं का तेबी इचारलं. वैजनाथची तवर पोह्याची तिसरी बशी चालू व्हती.

मंग किशनराव म्हनले, "तुला काई इचारायचं आसंल तर इचार, माय."

असं म्हनायची रीत हाय. पोरीनं मान हालवून न्हाई म्हनायचं, हेबी रीतच हाय. मंजुषानं मान वर केली.

"तुमचं वजन किती?"

वैजनाथच्या हातातला चमचा बशीत पडला. हळदीचं, कापसाचं, सोयाबीनचं वजन त्याला समद्यांनी इचारलं व्हतं. त्याचं सोताचं आजवर कोनी इचारलं नव्हतं. पन मानूस खरा.

"क्विंटलाला सहा किलो वर," तो म्हनला.

"हाडं जड हायेत गं बाई," द्वारकाबाई मधीच बोलली. "आमच्या घरान्यातच हाडं जड."

"मावशी, एवढी जड हाडं हत्तीला बी नसतेत," मंजुषा म्हनली. मंग जरा दम घेऊन म्हनली, "माझा बाप असाच व्हता. लोकं म्हनायची, खात्यापित्या घरचा मानूस. शुगर झाली, बीपी झालं, मी दहावीत व्हते तव्हा गेला. खांदा द्यायला चार मानसं पुरली न्हाईत. मला नवरा पायजे तर लई वर्सं पायजे. तुमची हळद शिजून, वाळून बाजारात जाईस्तोवर नव्वदच्या खाली या. मंग मामाला पत्रिका बघू द्या."

किशनराव खोकले. द्वारकाबाईचं तोंड उघडं ते उघडंच. आन वैजनाथ तिथंच हारला. एवढं बराबर माप काढनारी पोरगी त्यानं उभ्या जन्मात पाहिली नव्हती.

परतीच्या एसटीत द्वारकाबाई फनफनत व्हती. "नवरा बघून राहिली का बोकड? वजन इचारते मेली! दुसऱ्या पोरी काय मेल्या का?"

"आई, मला हीच पायजे."

"मंग भुकेला आसशील," म्हनत तिनं पिशवीतली दशमी त्याच्या हातात ठेवली. इचाराच्या नादात त्यानं ती खाल्ली बी.

आता वैजनाथचं डोकं म्हंजे हळदीचं डोकं. पाच क्विंटल ओली हळद कढईत शिजवली, उन्हात वाळवली की एक क्विंटल उरते. मंग मानूस तरी काय, ओली हळदच की! शिजायचं आन वाळायचं, झालं.

शेतात भट्टी पेटलेलीच व्हती. तांड्यावरचा बाबूसिंग आन त्याची मानसं दर साली हळद शिजवायला यायची. एका सकाळी वैजनाथ अंगाला गोनपाट गुंडाळून कढईच्या वाफेत जाऊन बसला.

बाबूसिंगनं दोन्ही हात कमरेवर ठेवले. "मालक, हे काय करून राहिलात?"

"कमी व्हऊन राहिलो."

"बरं. पन हळकुंड शिजलं का ते आमी काडी टोचून बघतो. तुमाला कुठं टोचू?"

"काडी घेऊन जवळ तर ये, मंग सांगतो."

वाफेत बसून झालं, मंग खळ्यावर वाळत घातलेल्या हळदीत जाऊन पडला. हळद उलथायला आलेल्या बाया त्यालाबी उलथून गेल्या. "फिरा मालक, ही बाजू झाली." घाम असा निथळला की खळ्याच्या त्या कोपऱ्यात हरभरा उगवला असता. दुपारी पोत्याच्या काट्यावर चढला तर काय, चार किलो गायब!

तशीच त्यानं हिंगोलीची एसटी पकडली. कधी एकदा मंजुषाला सांगतो असं झालं व्हतं. पन घसा पडला कोरडा. बाळापूरला तांब्याभर पानी पिला, कळमनुरीला उसाचा रस, पुन्हा रस, आन हिंगोलीच्या स्टँडवर उतरल्या उतरल्या लिंबू सोडा. दवाखान्यात मंजुषानं त्याला काट्यावर चढवलं. काटा सरळ जुन्या जागी गेला, वर थोडा उसाच्या रसाकडं झुकला.

"आन तुमी पिवळे काहून झालात? कावीळ झाली का?"

"हळदीत पडलो व्हतो." त्यानं सगळं सांगितलं.

मंजुषानं पदर तोंडाला लावला, पन खांदे हालत व्हते. "अहो, ते पानी व्हतं. घामानं पानी जातं, चरबी न्हाई. उन्हानं चरबी उडाली असती तर उन्हाळ्यात हिंगोलीत एकबी जाडं मानूस दिसलं नसतं."

"मंग ती जाते कशानं?"

"जळून. पोटात एक भट्टी हाय असं समजा. तुमी चाला, बोला, नुसते निजून राहा, ती इझत न्हाई. श्वास घ्यायला, काळीज चालायला, अंग गरम ठेवायला जळन लागतंच. त्याचं माप कॅलरीत काढतेत. तुमचा देह दिवसभर नुसता पडून राहिला तरी धा भाकरीचं जळन जाळतो."

वैजनाथचं तोंड उजळलं. "म्हंजे झोपून धा भाकरी माफ?"

"माफ कशाच्या! ऐका तर. अंगमेहनत केली की आनखी जळतं. आन दुसरं म्हंजे…"

तेवढ्यात आतून डॉक्टरनं हाक मारली, कोनाचा तरी हात मोडून आनला व्हता. मंजुषा पळाली. दुसरं म्हंजे काय, ते दवाखान्यातच राहिलं, आन वैजनाथ अर्धंच ग्यान घेऊन डोंगरकड्याला आला. अंगमेहनत!

वाळल्या हळदीला चमक आनायला ती मोठ्या लोखंडी ड्रममधी घालून फिरवतेत. दोन गडी लागतेत त्याला. वैजनाथनं दोन्ही गड्यांना घरी धाडलं आन एकट्यानं ड्रम धरला. असा फिरवला, असा फिरवला की पल्याडच्या गावची मानसं आगगाडी आली म्हून पिशव्या घेऊन पळत सुटली. हळद एवढी चमकली की बाया तिच्यात बघून कुंकू लावायल्या.

पन संध्याकाळी भूक लागायची ती राक्षसाची. आन वाढायला बसलेली द्वारकाबाई. "कष्टाचं लेकरू हाय माझं," म्हनत ती भाकरीवर भाकर टाकायची, वर शेंगदान्याची चटनी, चटनीत आळं करून कच्च्या तेलाची पळी, वर दूध, दुधात गूळ. वैजनाथ म्हनायचा, मी तर जाळून आलो, आता काय हरकत हाय! आठवड्यानं काट्यावर चढला तर किलोभर वाढलेला.

त्यानं तो राग बाबूसिंगवर काढला. भट्टीजवळच्या सरपनाकडं, तुराट्या-पऱ्हाट्याच्या ढिगाकडं बोट करून वराडला, "भट्टी एवढे दिवस पेटलेली हाय आन ढीग हाय तेवढाच काहून? जाळून राहिलात का नुसता धूर करून राहिलात?"

बाबूसिंगनं तंबाखूची पिचकारी बाजूला टाकली. "मालक, जाळायचं आमच्याकडं, आनायचं तुमच्या आईकडं. त्या रोज गाडी धाडून राहिल्या. जाळतो तेवढं येतंच. परवा तर जास्तच आलं."

वैजनाथ पुढची शिवी द्यायला तोंड उघडून तसाच उभा राहिला. ढिगाकडं पाहिलं. मंग खाली सोताच्या पोटाकडं पाहिलं. मंग घराकडं पाहिलं, जिथून द्वारकाबाईच्या भाकरी थापायचा आवाज येत व्हता.

"जाळायचं आमच्याकडं," तो हळूच म्हनला, "आनायचं आईकडं."

"तेच तर सांगून राहिलो," बाबूसिंग म्हनला. हा मालक एकदम गुमान काहून झाला ते काई त्याला कळलं न्हाई.

वैजनाथ तडक सैपाकघरात गेला. "आई, आजपासून सकाळी तीन भाकरी, संध्याकाळी तीन. बाकी काईबी न्हाई."

लेकरू मरंल म्हून द्वारकाबाई छाती बडवील असं त्याला वाटलं व्हतं. ती म्हनली, "बरं." एवढ्या लवकर बरं म्हनलेली बाई बघून त्यानं तिथंच सावध व्हायला पायजे व्हतं.

सरपनाच्या गाड्या त्यानं अर्ध्यावर आनल्या. ढीग दिवसागनिक खाली बसायला लागला. पोट मातर जागचं हालंना. तीन भाकरीत पोट भरतं तरी कसं म्हून त्यानं एक दिवस ताटात नीट पाहिलं. भाकरी तीनच, पन एकेक जात्याच्या पाळीएवढी जाड. उचलायला दोन हात लागत व्हते. मंग पिठल्यात बोट बुडवलं, तर खालून तेलाचा झराच लागला. भट्टीवाल्या मानसाला तेल काय असतं ते सांगायची गरज न्हाई. तुराटीची पेंडी भसकन जळून जाते, तेलाचा बोळा तासभर पेटतो. एक पळी म्हंजे एक भाकर सहज! आन हितं तर पळ्याच पळ्या.

"आई, हे काय हाय?"

"पिठलं."

"पिठल्याखाली काय हाय?"

"ताट."

"आई!"

द्वारकाबाईनं पळी चुलीवर आपटली. "मंग काय करू? माझ्या हातानं उपाशी मारू तुला? तू जन्मला तव्हा एवढा व्हतास, माझ्या तळहातावर मावत व्हतास. सुईन म्हनली, दूध वाया घालू नको, हे जगत न्हाई. घासाघासानं जगवलं तुला म्या. आन आता ती पोरगी म्हनते कमी करा!"

वैजनाथ तिच्याजवळ खाली बसला. खाली बसायलाच त्याला बराच येळ लागला, गुडघे कुरकुरले. "जगवलंस की, आई. जगलो बी. आता जगू दे." मंग म्हनला, "तिचा बाप कसा गेला ऐकलंस ना? त्यालाबी कोनीतरी मायेनंच वाढत आसंल."

कोपऱ्यात बसलेला रामकिशन, जो सनासुदीलाच बोलायचा, तो उठला, पळी उचलली आन धोतरात खोवून बाहेर निघून गेला.

मंग खरं कमी व्हायला लागलं. घामासारखं एका दिवसात न्हाई. एका आठवड्यात दीड किलो, एखाद्या आठवड्यात काईच न्हाई, मंग पुन्हा दीड. पोट गुरगुरायचं, ड्रम फिरवताना डोळ्यापुढं पुरनपोळ्या उडत जायच्या. तो त्यांना जाऊ द्यायचा. पायजम्याच्या नाड्या लांबल्या. गाडीचे बैल जमिनीवरून चालायला लागले, तव्हा त्यांना दोन दिवस चुकल्यासारखं झालं.

वैशाखातली आखाजी झाली. हळदीची पोती शिवून खळ्यावर थप्पी लागली, दुसऱ्या दिशी हिंगोलीच्या बाजारात जायची. किशनराव मंजुषाला जीपमधी घेऊन आले. आदल्या संध्याकाळी वैजनाथ भरला व्हता शहान्नव. नव्वदच्या अजून सहा वरच व्हता. त्याचं तोंड उतरलं, पन त्याच्याहून जास्त उतरलं द्वारकाबाईचं. कारन आता तिलाबी कळून चुकलं व्हतं, की ही पोरगी गेली तर पोरगं वजनानं न्हाई, जिवानं कमी व्हईल.

म्हून पाव्हने यायच्या आधी ती एकटीच खळ्यावर जाऊन आली व्हती.

त्या काट्याची गंमत अशी. खालच्या फळीवर पोतं ठेवायचं आन दांडीच्या टोकाला लोंबत्या पाळन्यात लोखंडी वजनं टाकायची. पाळन्यातलं एक किलो फळीवरच्या एका क्विंटलाला पुरतं. म्हंजे पाळन्याच्या बुडाला जर कोनी मुठीत मावेल एवढा कनकेचा गोळा चिकटवला, तर फळीवरचा गडी धा किलोनं हलका भरतो. द्वारकाबाई शाळेत गेली नव्हती, पन बाजारात लई गेली व्हती.

"चढा," किशनराव म्हनले.

वैजनाथ मान खाली घालून चढला. किशनरावानं वजनं टाकली, दांडी समेवर आली. "शहाऐंशी! अरे वा, पाव्हने!"

"हे कसं व्हईल?" वैजनाथ म्हनला. "काल तर शहान्नव व्हतो."

"काल खिशात दगडं आसतीन," द्वारकाबाई घाईघाईनं म्हनली. "उतर आता, च्या थंड व्हऊन राहिला."

"आई, मी दगडं काहून ठेवीन खिशात? मामा, काटा चुकून राहिला."

आन तव्हाच बाबूसिंगची एक तांबडी कोंबडी पोत्यांच्या थप्पीवर चढली. पाळन्याखाली लोंबनारी कनीक तिच्या बराबर तोंडासमोर. तिनं एक चोच मारली. दांडी कटकन वर उडाली.

"आं?" किशनरावानं एक वजन वाढवलं. "अठ्ठ्याऐंशी."

कोंबडीनं पुन्हा चोच मारली. दांडी पुन्हा वर.

"नव्वद! आरं, हा उभ्या उभ्या काय खाऊन राहिला का?"

"मी काई खाल्लं न्हाई!" वैजनाथनं दोन्ही हात वर केले.

"त्र्यान्नव!"

"उडव तिला, बाबूसिंग, उडव!" द्वारकाबाई वराडली. पन बाबूसिंग पोट धरून पोत्यांवर लोळत व्हता. कोंबडीनं राहिलेला गोळा अख्खा चोचीत धरला, तिच्यानं पेलवंना, तो धपकन मंजुषाच्या पायापाशी पडला. दांडी थरथरली आन थांबली. शहान्नव.

मंजुषानं गोळा उचलला, दाबून पाहिला.

"मावशी, हे कुनाचं?"

"कोंबडीचं," द्वारकाबाई म्हनली.

"कोंबडी कनीक मळते व्हय?"

द्वारकाबाईनं पदर डोक्यावरून पुढं ओढला, पार नाकापर्यंत. वैजनाथचे कान मिरचीवानी लाल झाले, पन तो फळीवरून खाली उतरला न्हाई.

"मी नव्वदच्या खाली न्हाई," तो म्हनला. "शहान्नवच हाय. आज सकाळी भट्टीजवळ बसलो असतो तर तुमच्यापुरतं उतरलं बी असतं. पन ते पानी व्हतं, म्हून बसलो न्हाई. जेवढं जळतं त्याच्यापेक्षा कमी आत टाकायचं, एवढंच मला जमलं, आन त्यानं एवढंच उतरलं. आईचं मनावर घेऊ नका, तिला तुमी सून म्हून पायजे, आन तिला दुसरं काई येत न्हाई, कनीकच येते."

मंजुषानं हातातला गोळा कोंबडीपुढं टाकला. मंग म्हनली, "नव्वद भरले असते तर मी न्हाई म्हनले असते."

"म्हंजे?" किशनराव.

"मामा, एवढ्या दिसात एवढं उतरनारं मानूस एक तर आजारी आसतं, न्हाई तर लबाड. मी मुद्दाम जास्त सांगितलं व्हतं. मला मानूस पायजे व्हता, काट्यावरचा आकडा न्हाई. धा किलो उतरलं ते खरं उतरलं. राहिलेलं बी उतरंल, मी हाय ना बघायला."

"मंग माय, पक्कं समजू का?"

मंजुषा द्वारकाबाईकडं वळली आन मगाधरनं मावशी मावशी म्हनत व्हती ती एकदम म्हनली, "आत्या."

सासूला आत्या म्हनतेत हे कुनाला सांगायची गरज न्हाई. द्वारकाबाईचा पदर नाकावरून मागं गेला. डोळ्यात पानी, तोंडावर हसू, दोन्ही एकदमच आलं.

"आत्या," मंजुषा गोड आवाजात म्हनली, "आता तुमी चढा काट्यावर. मला घरातली मानसं लई वर्सं पायजेत, सगळीच्या सगळी."

द्वारकाबाईनं एकदा काट्याकडं पाहिलं, एकदा सुनेकडं पाहिलं, आन लुगड्याचा काष्टा मारून जी धूम ठोकली म्हनता! केळीच्या बागंतून, नाला उडी मारून, सरळ डोंगराच्या अंगाला. चपला हितं, बाई तिथं. मागं मंजुषा, "आत्या, थांबा, आत्या!" म्हनत. तिच्यामागं किशनराव धोतर सावरत, आन सगळ्यात मागं रामकिशन, त्या सगळ्या गोंधळात पहिल्यांदा हसताना दिसलेला.

"मालक," बाबूसिंग डोळे पुसत म्हनला, "तुमाला सहा महिने लागले आसते, तेवढं ही बाई आज संध्याकाळपत्तूर जाळते बघा."

वैजनाथ काट्यावरच उभा व्हता. उतरू का म्हून ज्यांना इचारायचं ती समदी डोंगराला लागली व्हती.